शेवटची खुंटी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक हौशी माणूस राहत असे. सगळंच त्याला स्वतःच्या हातांनी करून बघायचं असे. सकाळी चटई विणायला बसला, की दुपारी बासरी कोरायची हुक्की येई आणि संध्याकाळी मडकं घडवायची. त्यामुळे त्याच्या घरातला चौरंग तीनच पायांचा होता, चटईला कड नव्हती आणि बासरीला भोकं नव्हती. बायको हसे, पण रागावत नसे. माणूस आनंदात होता ना!

त्या गावची एक रीत होती. शेवटचा टाका किंवा शेवटची खुंटी ज्याच्या हातची, त्याची ती वस्तू. बाकीचं काम कुणी का केलेलं असेना. हौशी माणसाला रीत ठाऊक होती, पण त्याने ती कधी मनावर घेतली नव्हती.

एका तिन्हीसांजेला दारात एक परका येऊन उभा राहिला. त्याचा आवाज गोड होता. तळहात मात्र गुळगुळीत होते, त्यांवर एक रेषासुद्धा नव्हती.

"सुरुवात तुम्ही करा, शेवट मी करतो," तो म्हणाला. "मोबदला काही नको."

"मग तर फारच छान!" हौशी माणसाने सगळा पसारा त्याच्यापुढे मांडला.

सकाळी सगळ्या वस्तू पुऱ्या झाल्या होत्या, आणि इतक्या सुबक की गाव बघायला आलं. मग हौशी माणूस रोज नवं काही सुरू करी आणि परका ते पुरं करी.

हळूहळू घर बदललं. चटईवर बसावं, तर कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ती ऊबदार लागे. बासरी फुंकली तर वाजत नसे, पण घरात कुणी नसलं की वाजे. हौशी माणसाच्या तळहातांवरचे घट्टे गेले, मग रेषाही पुसट झाल्या.

त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला बाळ झालं आणि आजोबांनी पाळणा करायला घेतला. पण हात आता काम विसरले होते. बारशाच्या दिवशी भर दुपारी पाळणा अर्धाच होता, आणि परका दारात हजर.

"द्या इकडे. माणसं यायची वेळ झाली."

"अहो, देऊ नका!" बायको ओरडली. "पाळणा त्याचा झाला, तर त्यात निजलेलं बाळ कुणाचं?"

परक्याने नुसता हात पुढे केला. त्या तळहातावर आता घट्टे होते, रेषा होत्या, पटाशी लागल्याचा जुना वणसुद्धा होता. सगळं हौशी माणसाचंच!

"बाबा," मुलगी आतून म्हणाली, "वाकडा झाला तरी चालेल, पण तुम्हीच करा."

तो दाराकडे पाठ करून कामाला बसला. हातोडी बोटांवर बसत होती. परका उंबऱ्यापाशी वाट बघत उभाच होता. दिवेलागणीला शेवटची खुंटी बसली. हौशी माणसाने वळून पाहिलं, तर दारात कुणी नव्हतं. घरात चौरंग नव्हता, चटई नव्हती, बासरीही नव्हती. सगळं आपल्या मालकामागे निघून गेलं होतं.

पाळणा एका बाजूला कलत होता आणि कुरकुरत होता. बाळ त्यात गाढ झोपलं.

बायको त्याच्या तळहातावरच्या फोडाला हळद लावायला आली.

"राहू दे गं," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "सध्या या हातांवर एवढाच माझा आहे."

तात्पर्य: हौस हव्या तितक्या गोष्टींची करावी, पण जे आपलं म्हणायचं आहे, त्याची शेवटची खुंटी आपणच ठोकावी, मग ती वाकडी का बसेना.