सगुणाच्या गळ्यावरची गाठ

"पण बाई, मला सुई टोचायला केव्हा देणार?"

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं नाही. स्टोव्हवरच्या पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळत होत्या. चिमट्यानं एकेक काढून त्या ट्रेमध्ये ठेवत राहिल्या.

"सुट्टी संपत आली बाई..." हेमांगी म्हणाली.

"हं."

चांदवडच्या जुन्या पेठेत रेबेका साळवेबाईंचा दवाखाना होता, तेव्हाची ही गोष्ट. आता तो दवाखाना नाही, बाईही नाहीत. हेमांगी देवरे आज स्वतः डॉक्टर आहे. पण स्पिरिटचा वास आला की तिला अजून आठवतो तो कडुनिंबाखालचा ओटा, लाल औषधासाठी घरून रिकामी बाटली घेऊन आलेली माणसं, आणि त्या बाटलीवर डोस मोजायला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवणारे बाईंचे हात.

बारावीची परीक्षा झाली होती. हेमांगी वर्गात कायम पहिली. वडील म्हणाले, "मेडिकलला जाशीलच. आधी दवाखाना बघून घे." म्हणून ती बाईंकडे आली. बाईंनी तिला बाटल्या धुवायला लावलं, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या चढवायला लावलं. हेमांगी मनातून धुमसत होती. बाईंच्या कपाटातली जाडजूड पुस्तकं मात्र तिनं एकामागून एक वाचून काढली होती.

त्या दिवशी सगुणा आली. वडनेरची, दोन लेकरांची आई. गळ्यावर गाठ होती. बाईंनी तिला टेबलावर झोपवलं, गाठ चाचपली आणि हात धुवायला मागे गेल्या.

सगुणानं हेमांगीकडे मान वळवली. "ताई, कशाची असंल ओ गाठ?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला काही विचारलं होतं. हेमांगीनं सांगितलं. गाठी किती प्रकारच्या असतात, कुठली साधी, कुठली पसरते, पसरली की काय होतं... सगळं.

सगुणानं टेबलाची कड घट्ट धरली होती.

बाई परत आल्या. तिच्याकडे पाहिलं, मग हेमांगीकडे. स्टूल ओढून सगुणाजवळ बसल्या. बराच वेळ बसल्या. लेकरांची नावं विचारली. मग म्हणाल्या, "नाशिकला दाखवून घेऊ. मी येते बरोबर."

पुढं नाशिकला गाठ साधीच निघाली. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पायऱ्या उतरताना सगुणाचा पदर सारखा गळ्याशी जात होता.

"मी चुकीचं काही सांगितलं का, बाई?"

"नाही. सगळं बरोबर सांगितलंस."

हेमांगीला बरं वाटलं.

"झोप," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"टेबलावर."

हेमांगी हसत आडवी झाली. टेबलावरचं रेक्झिन अजून कोमट होतं. बाईंनी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली, हलकेच सरकवली. एका जागी थांबल्या. पुन्हा तिथंच दाबलं.

"हं..."

आणि हात धुवायला मागे निघून गेल्या.

नळाचा आवाज आला. हेमांगीचं हसू विरलं. वर कौलांतून उजेडाचा एक कवडसा येत होता. एवढे दिवस रोज इथं असून तिनं तो पाहिला नव्हता. तिनं स्वतःच गळा चाचपला. इथं? की इथं?... पुस्तकातलं पानच्या पान डोळ्यांपुढं आलं. नळ बंद झाला. पावलं येईनात. आईला कसं सांगायचं?

शेवटी बाई आल्या, पदराला हात पुसत.

"काय आहे बाई?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"काही नाही."

"मग... हं का म्हणालात?"

बाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या.

हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. ती घाईघाईनं उठू लागली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडून राहा जरा, पोरी. पुढं डॉक्टर झालीस की तुला इथं झोपायला कुणी सांगणार नाही."