मंडपाच्या मेढीला पाला फुटला

चिंचसावली हे माळावरचे लहान गाव. तेथील जुन्या धर्मशाळेत श्री रंगोबा महाराजांचा मुक्काम असे. समोरच शाळा. दुपारी मुलांची पंगत बसली की महाराज ती पाहत बसत आणि पहिला घास मागून घेत. "देव इथं जेवतो," असे ते म्हणत.

ही पंगत हौसाबाई रांधत असे. एका दुष्काळी साली भाजीपाला दिसेनासा झाला. मुले कोरडी भाकरी आणि पातळ आमटी खात. दिवेलागणीला मुलांना काही दिसेना; ती भिंत चाचपडत चालू लागली. हौसाबाईने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी शाळेच्या दारातल्या शेवग्याकडे बोट केले.

"माय, आमटीत रोज याचा पाला टाक."

का, हे तिने विचारले नाही. टाकू लागली. थोड्याच दिवसांत पोरे संध्याकाळी विटीदांडू खेळताना दिसू लागली.

शाळेचा कारभार अप्पासाहेब इनामदारांकडे होता. त्यांची नात कुमुद त्याच शाळेत जाई. पण तिचा डबा वाड्यातून येई, पुरी आणि शिकरण. एकदा अप्पासाहेब पंगतीपाशी आले आणि आमटीत डोकावले.

"हौसे, पोरं राखतेस की शेळ्या? पाला कसला घालतेस?"

"महाराजांनी सांगितलंय, सरकार."

"महाराजांना दात तरी आहेत का? आणि दारात शेवगा म्हणजे अवदसा! माणसं उगाच नाही सांगत." त्यांनी गड्यांना हाक मारली. "तोडा रे हा. उद्या माझ्या अंगणात पोरांना बासुंदी-पुरीचं जेवण. जेवण कशाला म्हणतात ते बघू दे गावाला. मग तुझी चूल बंद."

शेवगा पडला. खोड सरळ होते, म्हणून गड्यांनी ते सोलून अप्पासाहेबांच्या अंगणात पंगतीसाठी घातलेल्या मंडपाला मधली मेढ म्हणून उभे केले.

हौसाबाई रडतच धर्मशाळेत आली. "महाराज, झाड गेलं. पोरं पुन्हा आंधळी व्हायची."

महाराज म्हणाले, "उद्या तूही जेवायला जा. माझा पहिला घास तिथून आण."

"त्या बासुंदीतनं?"

"आमटीचं पातेलं घेऊन जा, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी बासुंदी आटता आटेना. पाने मांडेपर्यंत दिवेलागण झाली. हौसाबाई आपले पातेले घेऊन मेढीशी उभी राहिली, तेव्हा वाढपीसुद्धा हसले.

"ये ये," अप्पासाहेब म्हणाले. "शेळ्यांची आचारीण आली!"

त्यांनी कुमुदला पहिल्या पानावर बसवले. पोरीचा हात पत्रावळ सोडून जमिनीवर फिरू लागला. शेजारच्या मुलाने तिच्या हातात पुरी दिली.

"आजोबा, दिवा लावा ना."

दिवा तिच्या पुढ्यातच जळत होता.

संध्याकाळ झाली की वाड्यातली माणसे कुमुदला उचलून आत नेत. लाडकी पोर आहे, एवढेच अप्पासाहेबांना माहीत होते. त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

तेवढ्यात हौसाबाईच्या पातेल्यात काहीतरी पडले. हिरवे, नाजूक पान. तिने वर पाहिले. काल सोललेली, मुळे नसलेली, कोरड्या मातीत पुरलेली ती मेढ बुडापासून आढ्यापर्यंत पाल्याने भरून आली होती! डहाळ्या पंगतीच्या डोक्यावर लोंबत होत्या.

हौसाबाईला महाराजांचे बोलणे आठवले. तिने ओंजळभर पाला ओरबाडून पातेल्यात टाकला आणि चुलीवर उकळी आणली. पहिला घास महाराजांसाठी द्रोणात काढला. दुसरा कुमुदच्या तोंडात घातला. पोरीने तो गिळला, डोळे चोळले आणि मान वर केली.

"आजोबा, खांबाला पानं आलीत! केवढी!"

अप्पासाहेबांना महाराजांपाशी, धर्मशाळेकडे धावायचे होते. पण पाला इतका खाली आला होता की मेढीपलीकडे जायला वाकणे भाग होते. ते वाकले. पलीकडे द्रोण घेऊन हौसाबाई उभी होती. वाकलेले डोके तिच्या पायांशी आले, आणि अप्पासाहेबांनी ते तिथेच टेकवले.

"अवदसा दारात नव्हती, हौसाबाई. माझ्या तोंडात होती."

मंडपाच्या कडेला महाराज कधी येऊन उभे राहिले, कोणालाच कळले नाही. त्यांनी द्रोणातला घास घेतला आणि म्हणाले, "माय, यालाही पान मांड. भुकेला आहे."

त्या रात्री अप्पासाहेब मुलांच्या पंगतीत, आमटी-भाकरीवर जेवले. मेढ कोणी काढली नाही. तिची फांदी शाळेच्या दारात लावली, ती त्यांनी स्वतःच्या हाताने.