सगुणेच्या उपासांची कहाणी

ऐक जिवतीबाई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. अक्षता मुठीत धरा. आणि ओटीवर पान खात बसलेल्या पुरुषांनो, तुम्ही उठून जाऊ नका. आज मुद्दाम मोठ्यानं वाचते आहे.

कुठं एक आटपाट नगर होतं. तिथं सगुणा नावाची बाई राही. नवरा तापानं गेला, पदरात तीन मुलगे आणि एक मुलगी टाकून गेला. सगुणा लोकांचं दळण दळी, धुणं धुई. तिचा वसा एकच. श्रावणातल्या शुक्रवारी उपास धरावा, भिंतीवर जिवती लावावी, पुरणाचे दिवे करावे, मुलांना ओवाळावं. बाहेरगावी गेलेल्या लेकरासाठी त्याच्या दिशेनं अक्षता टाकाव्या. हा वसा तिनं मनापासून केला, कधी चुकवला नाही.

मग एका वर्षी घरातलं पीठ सरत आलं. चारच भाकऱ्या झाल्या. त्या तिनं चौघांना वाढल्या. थोरला म्हणाला, "आई, तुला?" ती म्हणाली, "मला आज उपास आहे." दुसऱ्या दिवशी मधल्यानं विचारलं, "आई, तुला?" ती म्हणाली, "मला आज उपास आहे." तिसऱ्या दिवशी धाकट्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. चौथ्या दिवसापासून कुणी विचारलं नाही.

मुलगी तानी, सगळ्यांत लहान. तिनं चुलीमागून पाहिलं. आईनं परात धुतली, आणि ते पिठाचं पाणी पिऊन टाकलं.

मग मुलगे मोठे झाले. थोरला पूर्वेला राजाच्या दरबारी लागला. मधल्यानं दक्षिणेला पेढी काढली. धाकटा पश्चिमेला देवळात पुराण सांगू लागला. तानीला उत्तरेला गरिबाघरी दिली. तिघांकडे कणग्या भरल्या, गोठे भरले. आईच्या पाळ्या लागल्या, चार महिने याच्याकडे, चार त्याच्याकडे. सगुणा कोपऱ्यात बसे. पंगती उठत. मग सून विचारी, "सासूबाई, तुम्हाला उपास असेल ना?" सगुणा खाली बघे आणि म्हणे, "हो." दुसरं काय म्हणणार? भरल्या घरात आईनं मागून खायचं का?

धाकटा तर पुराणात सांगे, "माझी माता साक्षात व्रतस्थ! सात दिवसांत पाच उपास!" लोक डोळे पुशीत, त्याच्या पाया पडत. घरी जाऊन तिचं पान कुणी पाहिलं नाही. मला याचाच राग येतो, बायांनो. तिच्या भुकेला हार घातले, पण घास घातला नाही.

मग श्रावणातला शेवटचा शुक्रवार आला. सगुणेनं चारी दिशांना अक्षता टाकल्या आणि पाटाशेजारीच आडवी झाली, ती उठली नाही. लोक म्हणाले, "भाग्याची हो! उपासात गेली!" भाग्याची म्हणे!

दहाव्या दिवशी मुलगे नदीवर गेले. तानीला निरोप धाडला नाही. लेकीचं काय काम, म्हणाले. पिंड मांडले. आईच्या आवडीचं म्हणून वऱ्याचे तांदूळ ठेवले, रताळ्याचा कीस ठेवला, दाण्याची आमटी ठेवली. कावळा आला, त्यानं पाहिलं, तोंड फिरवलं. थोरला हात जोडून म्हणाला, "आई, तुझ्या नावानं घाट बांधतो." कावळा शिवेना. मधला म्हणाला, "आई, सोन्याची जिवती घडवतो." कावळा शिवेना. धाकटा म्हणाला, "आई, तुझ्या उपासांची पोथी लिहितो." कावळा उडाला तो पल्याडच्या झाडावर जाऊन बसला.

तिघे घरी आले, पानावर बसले. गरम भात, वर तूप. थोरल्यानं तोंड उघडलं, तर तोंडातून शब्द आले, "मला उपास आहे." बायकोनं पान उचललं. मधल्याचं तेच झालं, धाकट्याचं तेच झालं. अकराव्या दिवशी तेच, बाराव्या दिवशी तेच. पोटात आग पडली, पण तोंड दुसरं काही बोलेना.

तेराव्या दिवशी धडपडत पुन्हा नदीवर गेले, पुन्हा पिंड मांडले. पायरीवर एक लेकुरवाळी बसली होती, एक मूल कडेवर, दोन मांडीशी. ती म्हणाली, "काय रे, सुकलात का?" ते म्हणाले, "बाई, आमच्या आईला कावळा शिवत नाही, आणि आमच्या घशाखाली घास उतरत नाही."

"आईला काय आवडायचं?"

"उपासाचं," थोरला म्हणाला.

"तिला भूक कधी लागायची?"

मधल्यानं थोरल्याकडे पाहिलं.

"ती तुमच्यासमोर शेवटची कधी जेवली?"

धाकटा पुराण सांगणारा, तो बोटांवर वर्षं मोजू लागला.

तेवढ्यात तानी आली, वाटसरूकडून कळलं तशी, अनवाणी, उत्तरेहून चालत. पाटीत ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, वर लसणीचा ठेचा. धाकटा ओरडला, "अगं, चातुर्मास आहे! वांगं, लसूण, पिंडाजवळ? आई व्रतस्थ होती!"

तानी म्हणाली, "दादा, आई भुकेली होती. गेल्या सालापर्यंत ती दर सालाला एकदा माझ्याकडं यायची. लेकीच्या घरी जेवू नये म्हणतात, पण दारात पाय ठेवला की म्हणायची, तानी, भूक लागली गं. तीन भाकऱ्या खायची, बोटं चाटायची. आणि मला म्हणायची, भावांना सांगू नकोस, त्यांना लाज वाटेल. तिनं तुमची लाज राखली. तुम्ही तिचं पोट राखलं नाही."

तिनं भाकरी ठेवली, भरीत ठेवलं. म्हणाली, "आई, जेव गं." कावळा पल्याडहून आला, भाकरी उचलून गेला.

मग लेकुरवाळी उभी राहिली. तिच्याभोवती उजेड पडला. तिघांनी ओळखलं, पाय धरायला वाकले. जिवती मागं सरली. म्हणाली, "शिवू नका मला. मी श्रावणातला शुक्रवार तेवढा मागितला होता. बाकीचे उपास कोणत्या देवानं मागितले? घरात पीठ नव्हतं तेव्हाची तिची माया मला कळते. कणग्या भरल्यावर उपास कुणाचा होता रे?"

तिघे रडू लागले. "देवी, चुकलो. आता आई नाही. कुणाला वाढू?"

"तुमच्या घरात तुमच्या लेकरांच्या आया नाहीत का? जा. तिला आधी वाढा, ऊन ऊन वाढा, आणि ती जेवेपर्यंत समोरून उठू नका."

तिघे घरी गेले. प्रत्येकानं आपल्या बायकोला पाट मांडला, पान वाढलं. ती म्हणाली, "मला भूक नाही, तुम्ही बसा." तो उठला नाही. पुन्हा म्हणाली, "मी मागनं खाईन." तो उठला नाही. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही." मग ती बसली, पोटभर जेवली. तेव्हा कुठं त्यांच्या तोंडाला घास लागला. पुढं ते शुक्रवार पाळू लागले, तानीला माहेरी आणू लागले. आई मात्र परत आली नाही. ती यायची नव्हतीच.

म्हणून चारी दिशांना अक्षता टाकाल, तेव्हा पाचवी चिमूट आपल्या डोक्यावर टाका. देवाचा उपास खुशाल करा, भुकेला उपास म्हणू नका. घेतला वसा सोडू नका, आणि नसलेला वसा कुणाच्या गळ्यात घालू नका. तानीच्या भाकरीला जशी जिवती पावली, तशी तुम्हां आम्हां पावो.

साठ उत्तरांची कहाणी मी पाचांत उरकली, कारण स्वयंपाक करणारी अजून उपाशी आहे. उठा, पुरुषांनो. पहिलं पान तिचं मांडा.