ताठ मानेचा मोर

लाकडं बोलायची तेव्हाची गोष्ट. वाचनालयाच्या दारावर धाकू सुतारानं फणसाच्या लाकडात एक मोर कोरला होता. चिमणीनं त्याला विचारलं, "तुला कुणी घडवलं रे?"

"मोराला कुणी घडवतं होय? मी असाच जन्मलो."

एकदा म्हातारा धाकू आला आणि चाचपत मोराच्या मानेवरून हात फिरवू लागला.

"घट्टे पडलेला तो हात काढ आधी! नक्षी घासेल माझी," मोर खेकसला.

"जरा थांब, बाळा. मानेमागं वाळवी लागलीय, तुला दिसायची नाही." धाकूनं पिशवीतल्या पटाशीनं वाळवी खरवडली, तेल चोळलं आणि काठी टेकत तो निघून गेला.

"कोण रे हे?" चिमणीनं विचारलं.

मोराला मान खाली घालावीशी वाटली. पण धाकूनं ती ताठच कोरली होती.