कबुतरं वाटेत कुठं थांबली?

नीरगडच्या राजाची कबुतरं हरली, आणि तीही सासऱ्याच्या कबुतरांकडून!

सासुरवाडी म्हणजे सांबरी, नीरगडपासून चोवीस कोस उगवतीला. कबुतर कुठंही सोडा, ते आपल्या घराकडंच उडणार. म्हणून सांबरीची कबुतरं नीरगडाहून सोडली, ती दोन घटकांत घरी पोचली. नीरगडची सांबरीहून सोडली, त्यांना तीन घटका लागल्या. सासरेबुवा कसले गप्प बसतात! त्यांनी लगेच जावयाला लिहिलं, "तुमच्याकडं पाखरंसुद्धा जेवून वामकुक्षी घेतात वाटतं."

राजाच्या अंगाचा तिळपापड झाला. कबुतरखाना सांभाळणाऱ्या भिकोबाला बोलावून त्याने विचारलं, अंतर तेच, मग एक घटका गेली कुठं? सूर्यास्तापर्यंत ती घटका शोधून दे, नाहीतर कबुतरं मुदपाकखान्यात आणि तू राज्याबाहेर, असा हुकूम सुटला.

भिकोबा घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची लेक हौसा हे ऐकून पांढरीफटक पडली. एकेक पिल्लू तिने तळहातावर दाणे भरवून वाढवलं होतं. ती तशीच माळवदावर कबुतरांपाशी गेली. ज्येष्ठाचा वारा नुसता पिसाटला होता, तिचा पदर एकसारखा उगवतीकडं फडफडत होता. हौसाने एकदा पदराकडं पाहिलं, एकदा कबुतरांकडं, आणि तिला हसूच फुटलं. धावत ती राजवाड्यात गेली.

"महाराज, घटका सापडली. पण ती तटावर हाय, अन् तुमालाच पळावं लागंल."

राजाला आपल्या पळण्याचा भारी अभिमान. तो लगेच तयार झाला. हौसाने त्याच्या हाती वाड्यातली सर्वांत मोठी छत्री उघडून दिली. पंख मिटून कोण उडतं, असं तिचं म्हणणं! मावळतीच्या बुरुजापासून उगवतीच्या बुरुजापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच काम. आकडे मोजायला राणीसाहेब बसल्या.

राजा निघाला आणि छत्रीत वारा भरला. पाय जमिनीला नावापुरते टेकत होते. पहारेकऱ्यांनी मुजरा करेपर्यंत स्वारी पुढं गेलेली! राणीसाहेबांचे तीस झाले, तोवर राजा पलीकडं.

परतताना मात्र गंमत झाली. राजा दोन पावलं पुढं येई, छत्री त्याला एक पाऊल मागं नेई. पगडी उडाली ती थेट सासुरवाडीच्या दिशेने निघून गेली. राणीसाहेब हसता हसता पुन्हा एकपासून कशाबशा मोजत होत्या. ऐंशीच्या आकड्याला राजा धापा टाकत पोचला, तेव्हा छत्री उलटी झाली होती.

हौसाने अदबीने मुजरा केला. "जाताना तीस, येताना ऐंशी. तट त्योच, पाय बी तेच. महाराज, वाटंत कुठं दाणं टिपत बसला व्हता?"

राजाने उलट्या छत्रीकडं पाहिलं, मग आभाळातल्या धावत्या ढगांकडं, आणि तो असा खो खो हसत सुटला की त्याला तटावर बसावं लागलं. पण सासरेबुवांना उत्तर काय द्यायचं, हे त्याने डोळे पुसत विचारलं.

"आत्ता कायबी लिवू नका," हौसा म्हणाली. "मार्गशीर्षात पुन्हा शर्यत लावा. तवा वारा सांबरीकडनं हिकडं येतो."

राजाला पुन्हा हसू आवरेना. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं, भिकोबाच्या खांद्यावर शेला घातला, आणि मार्गशीर्षातली तिथी तिथंच बसल्या बसल्या ठरवून टाकली.