गाड्यांकडे पाठ

“पण बाई, गाड्यांकडंच पाठ करून उभं राहायचं, तर मग मी मार्शल झालो कशाला?”

शिंत्रे बाईंनी काठीला गुंडाळलेला पिवळा झेंडा सोडला, एकदा झटकला आणि धैर्यशीलच्या हातात दिला.

“तिकडं तोंड कर.”

तिकडं म्हणजे वळणाच्या पुढं. गाड्या भरधाव येणार ती सरळ वाट त्याच्या पाठीमागं गेली.

कोल्हापूरच्या बाहेर, माळावर गाड्यांच्या शर्यतीचा हा ट्रॅक आहे. शिंत्रे बाई पूर्वी शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, त्या ट्रॅकवर आल्या. आता इथं झेंडा दाखवणारा प्रत्येक मार्शल त्यांच्या हाताखालून गेलेला असतो.

धैर्यशील खराडे मात्र शिकूनच आलेला होता, निदान त्याची तशी समजूत होती. ट्रॅकबाहेरच्या चहाच्या टपरीवर रेसवेड्यांचा अड्डा भरायचा. गाडीचा मागचा पंख किती वाकला तर नियमात बसतो, ओल्या ट्रॅकवरून पावसाचे टायर कधी काढावेत, कुठल्या टीमनं आपल्याच दुसऱ्या ड्रायव्हरला कसं वाऱ्यावर सोडलं, या सगळ्यावर शेवटचा शब्द त्याचा असायचा. वाद घालणाराही अखेर त्याच्याच तोंडाकडं बघायचा.

पण झेंडा हातात घेण्यामागचं कारण वेगळं होतं. त्याची धाकटी बहीण मधुरिमा आज शर्यतीत होती. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ट्रॅकवर तिचे ब्रेक ऐनवेळी लागले नव्हते आणि ती टायरांच्या भिंतीत घुसली होती. हाडं शाबूत राहिली. धैर्यशीलची झोप मात्र तेव्हापासून गेली. आज त्यानं मुद्दाम हेच पाचवं वळण मागून घेतलं होतं. सगळ्यात वेगाचं हेच. काही झालंच, तर आपण तिथं असू.

आणि बाईंनी त्याला नेमकं पाठमोरं उभं केलं.

“इथं दोघांनी दोन बाजू वाटून घ्यायच्या,” बाई म्हणाल्या. “येणारी गाडी मी बघणार. पुढच्या रस्त्यात कोण अडकलंय, काय पडलंय, ते तू. दिसलं की झेंडा. मागची गाडी तो बघून सावध होते.”

“आणि मागनं एखादी आपल्याच अंगावर आली तर?”

बाईंनी गळ्यातली शिट्टी बोटानं उचलून दाखवली.

“ही वाजली की भिंतीआड पडायचं.”

“नाही वाजली तर?”

“पुढं बघायचं.”

धैर्यशील हसला, पण ते हसू काही जमलं नाही.

पाचव्या वळणापुढं रस्ता एका खोलगट जागेत उतरतो. त्या खोलगटात काय चाललंय ते फक्त मार्शलांच्या याच चौकीवरून दिसतं. येणाऱ्या ड्रायव्हरला ते अजिबात दिसत नाही. हे धैर्यशीलला ठाऊक होतं. नियमाचं कलमही त्याला पाठ होतं.

सराव सुरू झाला. पाठीमागून पहिली गाडी आली तेव्हा त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. दुसरी आली… तिसरी… दर वेळी वाटायचं, हीच आता पाठीत बसणार.

मग तो आवाज आला. गिअर बदलताना किंचित अडखळणारा. गॅरेजमध्ये उभं राहून हा आवाज त्यानं इतके दिवस ऐकला होता की शंभर गाड्यांत ओळखला असता.

मधू.

ब्रेक लागतील ना?

त्याची मान वळली.

केशरी हेल्मेट दिसलं. गाडीचा वेग कमी झाला, नाक नेमकं आत वळलं, चाक कुठं सरकलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. गाडी त्याच्यासमोरून निघून गेली आणि तिच्याबरोबर त्याची नजर पुढं आली.

खोलगटात एक निळी गाडी गिरकी खाऊन रस्त्यात आडवी उभी होती.

त्यानं झेंडा उचलला. पण ज्या गाडीला तो दिसायला हवा होता, ती पुढं गेली होती.

टायर किंचाळले. धूळ उठली. धुळीत काहीच दिसेना…

“झेंडा हलव,” बाई म्हणाल्या. “अजून दोघं येतायत.”

बाईंचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडंच होतं. एवढा आवाज झाला, पण त्यांनी मान वळवली नव्हती.

धैर्यशील झेंडा हलवत राहिला. हात त्याचे होते, पण थांबवावे म्हटलं तरी थांबले नसते. धूळ खाली बसली. मधूची गाडी गवतात होती, निळीपासून हातभर लांब. बराच वेळ आत काही हललं नाही. मग एक हातमोजा वर आला.

दुपारच्या सुट्टीत मधू टपरीवर आली. पोशाखावर गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. तिनं त्याच्या ग्लासातला चहा उचलून प्यायला.

“दादा, मला झेंडा दिसलाच नाही बघ.”

अड्डा जोरात होता. एक म्हणाला, टायर गार होते. दुसरा म्हणाला, पुढच्या चाकांना ब्रेक जास्त ठेवलाय, म्हणून ती गवतात गेली. तिसऱ्यानं निळ्या गाडीच्या ड्रायव्हरला मोडीत काढलं. मग सवयीनं सगळ्यांनी धैर्यशीलकडं पाहिलं.

“तू सांग धैर्या. टायरच ना?”

तो कपबश्यांकडं बघत होता.

“झेंडा नव्हता,” तो म्हणाला.

मधूनं रिकामा ग्लास खाली ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेली. तिनं दोन शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

बाई चौकीपाशी डबा खात बसल्या होत्या. त्यानं झेंडा त्यांच्यासमोर ठेवला.

“दुसरं कुणीतरी बघा बाई.”

“का रे?”

“माझं सगळं लक्ष तिच्यावर जातं. धोका आहे.”

“असू दे की तिच्यावर.”

“म्हणजे?”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. हात धुतले. झेंडा उचलून परत त्याच्या हातात दिला.

“तिच्यावरच असू दे,” त्या म्हणाल्या. “कुठं बघायचं ते सकाळी सांगितलंय.”

शर्यत सुरू झाली. गाड्या घोळक्यानं आल्या. इतक्या आवाजात मधूचा आवाज वेगळा काढता येईना. घोळका गेला. खोलगट रिकामं. पुन्हा आला. पुन्हा रिकामं. हळूहळू गाड्या पांगल्या आणि तो अडखळणारा आवाज सुटा झाला. दर फेरीला तो पाठीमागून यायचा, धैर्यशीलची मान ताठ व्हायची, आणि केशरी ठिपका पुढं निघून जायचा.

शर्यत सरत आली होती. आवाज पुन्हा आला… आणि मध्येच त्याच्या पाठीमागं टायर किंचाळले. कशावर तरी काहीतरी आदळलं.

मग तो आवाज बंद झाला.

ब्रेकच. ब्रेकच गेले असणार. वळावं, धावत जावं, तिला बाहेर ओढावं…

“बाई?”

त्यानं पुन्हा विचारलं.

“बाई, मधू आहे का?”

शिट्टी वाजली नाही.

दातावर दात रोवून तो खोलगटाकडं बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं, कारण पाण्यातून नीट दिसेना. तेवढ्यात एक पांढरी गाडी त्याच्या शेजारून लंगडत गेली. तिच्या नाकावरचा पंख लोंबत होता. खोलगटात उतरता उतरता तो तुटून पडला. काळा पंख, काळा रस्ता. मागून येणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

त्यानं झेंडा वर केला आणि खांदा निखळेल इतका हलवला.

एक गाडी मंदावली, पंखाला वळसा घालून गेली. दुसरी गेली. मग बराच वेळ कुणीच नाही.

तो हलवत राहिला.

आणि मागं इंजिन पुन्हा सुरू झालं. गिअर पडला, किंचित अडखळला.

केशरी हेल्मेट त्याच्या शेजारून गेलं. वेग बेताचा होता. पंखापाशी गाडी डावीकडं सरकली, अंतर राखून पलीकडं गेली आणि चढ चढून दिसेनाशी झाली.

शर्यत संपली. गाड्या सावकाश शेवटची फेरी मारत परत निघाल्या. या फेरीला ड्रायव्हर चौकीवरच्या मार्शलांना हात करतात, ही जुनी रीत आहे. पलीकडच्या चौकीवर पोरं टाळ्या वाजवत होती.

“मागं काय झालं होतं, बाई?”

बाईंचं तोंड अजून येणाऱ्या गाड्यांकडंच होतं.

पाठीमागून तो आवाज येऊ लागला, आता अगदी निवांत. जवळ आला. मधू नक्की हात करत असणार.

“बाई, आता तरी वळू का?”

“कुठनं आली ते तिला ठाऊक आहे. पुढं काय आहे ते तू बघ.”