मूळची मान

गिटारींनाही वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. काका वारले आणि त्यांची जुनी बास गिटार पुतण्याकडे, एडविनकडे आली. तिचं वाजणं बंद पडलं होतं.

"वायर सुटलीय. जोडली की गाईल," वाद्यं दुरुस्त करणारे इनासमिस्त्री तिला तपासून म्हणाले.

"पण आहे किती सालची?" एडविनने विचारलं.

गिटारीची मान तोऱ्यात म्हणाली, "साल माझ्यावर कोरलंय! हे धड मागाहून आलं. मूळची मी एकटीच."

"अगं, तुझं पहिलं धड फुटलं म्हणून काकांनी मला जोडलं," धड कळवळलं. "जन्मभर मिळूनच वाजलो ना?"

"उपरं ते उपरंच!"

एडविनला पटलं. "अस्सल तेवढंच ठेवा," तो म्हणाला. धड मिस्त्रींच्या जळणात गेलं. मान काचेच्या पेटीत, दिवाणखान्यात लागली.

एकदा एका पाहुणीने विचारलं, "हे काय आहे?"

मान सांगायला गेली, पण आवाज फुटेना. आवाज धडात होता, आणि त्या धडावर मिस्त्रींच्या बंबातलं पाणी केव्हाच तापलं होतं.